संपेल हे कशावरून?

साहेब, तुम्ही खोटं बोलता.

तुमच्या संकेतस्थळावर पुनाराम मनिराम पंधरे, मुक्काम चिचगड, या अर्जदाराच्या नावापुढे चौदा महिने एकच वाक्य आहे. 'पडताळणी सुरू आहे, कृपया प्रतीक्षा करा.' शेजारी एक निळी चकरी फिरते. सुरू आहे हे खरं. पण प्रतीक्षा? जे कधीतरी येणार असतं त्याची प्रतीक्षा करतात. तुमचं उत्तर येणार नाही. ते येऊच शकत नाही, हे मी तीन पानांत सिद्ध करून तुम्हाला पाठवलं आणि तुम्ही ते उघडूनसुद्धा पाहिलं नाही.

तुमचं नाव मला माहीत नाही. कुठल्या मजल्यावर बसता तेही नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. ही तक्रार आहे. आणि, आता लपवून काय करू, प्रेमाची गोष्टही आहे. दोन्ही वेगळं करून सांगता येत नाही, तो दोष तुमचा. तुम्हीच ते एकात एक गुंतवून ठेवलंत.

मी रुची कटरे. गाव कामठा. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष अर्ध्यावर सोडलं, कारण तिथले संगणक कुलपात होते आणि किल्ली ज्या सरांकडे होती ते रजेवर होते. दोन महिने वाट पाहिली. मग घरी आले, जुना लॅपटॉप घेतला आणि शब्दकोश मांडीवर ठेवून एकटी शिकले. देवरीला बस स्टँडच्या मागे माझ्या मावशीचं, अनुसयाबाईंचं, ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. मावशी झेरॉक्स बघते, मी अर्ज भरते. आणि गिऱ्हाईक नसलं की माझे प्रोग्रॅम लिहिते.

जानेवारीतला बाजाराचा दिवस होता. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, तो वायरीवर जगत होता. त्यावर माझा एक प्रोग्रॅम चाळीस मिनिटं चालू होता. मी हात न लावता बसले होते, दूध उतू जाईल म्हणून बसतात तशी. तेवढ्यात एक उंच मुलगा मफलर सोडत आत आला, त्याचा पाय वायरीत अडकला, आणि पडदा काळा.

"चाळीस मिनिटं," मी म्हणाले. "चाळीस मिनिटं चालू होता तो."

तो जागीच थांबला. वायरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. माफी मागेल असं वाटलं.

"चाळीस मिनिटात नाई झालं," तो हळू म्हणाला, "थे आणखी दोन मिनिटात झालं असतं काय?"

"झालं असतं."

"कशावरून?"

संध्याकाळी तपासलं तेव्हा कळलं, माझ्या दोन नियमांची तोंडं एकमेकांकडे होती. हा त्याच्याकडे पाठवायचा, तो परत ह्याच्याकडे. चाळीस वर्षं चालला असता. पण ते संध्याकाळी. त्या क्षणी मला फक्त राग आला होता, आणि रागातसुद्धा दिसलं, की त्याच्या चपलेला लाल माती आहे, अंगाला चुलीच्या धुराचा वास आहे आणि भुवया अशा आहेत की माणूस सतत काहीतरी मोजतोय असं वाटावं.

"काम बोला," मी म्हणाले.

त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढला. वनरक्षक म्हणून निवड झालेली. पण जातीच्या दाखल्याची पडताळणी पूर्ण झाल्याशिवाय नेमणूक नाही. अर्ज त्यानं गोंदियाला कॉलेजातून भरला होता. माझ्याकडे नुसता नंबर. मी वायर लावली, नंबर टाकला. निळी चकरी फिरायला लागली.

तो वाकून बघत राहिला. पाच मिनिटं, सात मिनिटं. मागं दोन बाया झेरॉक्ससाठी उभ्या, मावशी खाकरतेय.

"मॅडम, थे चकरी कधी थांबते?"

"तिकडचं काम झालं की."

"आन् होईल हे कशावरून?"

साहेब, हा प्रश्न विचारायला लोक मोठमोठ्या विद्यापीठांत जातात. हा प्रोग्रॅम थांबेल का, की असाच फिरत राहील, यावर लोकांची आयुष्यं गेली आहेत. आणि चिचगडहून एसटीनं आलेला मुलगा तो प्रश्न दहा मिनिटांत दोनदा विचारून गेला.

"पुढच्या बाजाराला या," मी म्हणाले. "बघू."

तो हसला. "चपला बाहेर काढून येतो. वायरीची भीती नाई मंग."

*

पुढच्या बाजाराला आला, त्याच्या पुढच्यालाही. चपला खरंच बाहेर काढायचा. कागदाच्या पुडीत बोरं आणायचा आणि टेबलावर अशी ठेवायचा, जणू पुडी त्याच्याबरोबर आली नाही, आधीपासून तिथंच होती.

"झालं काय?"

"नाही."

"बरं." आणि मग उठायचं सोडून बसायचा.

एकदा मावशीनं झेरॉक्सचं झाकण आपटून विचारलं, "काय गा, तू अर्ज पाहाले येतेस का अर्ज कराले?"

त्याचे कान लाल झाले. "पाहाले, मावशी."

"मंग पडद्याकडे पाह्य ना."

मी खाली बघून हसले. त्यालाही ते दिसलं. काही दिवस आम्ही दोघं फार गंभीरपणे त्या चकरीकडेच बघत होतो.

एका दुपारी त्यानं माझ्या लॅपटॉपवर चार ओळी वाचल्या. "हे काय लिहून राहिल्या तुम्ही? याच्यात हे कर, थे कर, असं काहीच नाई."

"ह्या भाषेत तसं सांगतच नाहीत," मी म्हणाले. "यंत्राला कसं करायचं ते सांगायचं नाही. काय खरं आहे तेवढं सांगायचं. हा याचा बाप, तो त्याचा बाप. बापाचा बाप तो आजा. बस. मग विचारायचं, याचा आजा कोण? कसं शोधायचं ते त्याचं ते बघतं."

"नुसतं खरं सांगायचं?"

"नुसतं खरं."

"सोपं हाय मंग."

"सोपं?" मी त्याच्याकडे बघितलं. "तुम्हाला जमतं?"

त्यानं बोराची बी कागदात गुंडाळली. फार वेळ लावून गुंडाळली. "मले… नाई जमत," म्हणाला.

*

एप्रिलमध्ये मला एक गोष्ट सापडली, साहेब. तुमची नियमावली. संकेतस्थळाच्या तळाशी सतरा पानं, कुणी वाचू नयेत अशा बारीक अक्षरात. त्यात लिहिलंय, की अर्जदाराच्या बापाची नोंद शोधावी, मग त्या बापाच्या बापाची, असं वर जात राहावं. ज्याच्या बापाची नोंदच नाही तो मूळ पुरुष. त्याचा जुना कागद जुळला की दाखला वैध. आणि प्रत्येक माणूस ओळखायचा तो नाव, आडनाव आणि गाव यांवरून.

माझ्याच भाषेतले नियम होते हे. मी ते जसेच्या तसे लिहून काढले. माझं घर घातलं. मी, माझे बाबा भोजराज, त्यांचे बाबा, त्यांचे बाबा. पापणी लवायच्या आत उत्तर आलं. मग पुनारामचं का येत नाही?

"मला तुमच्या घरातली सगळी नावं पाहिजेत," मी त्याला फोनवर म्हणाले. "वरपर्यंत. सांगा, लिहून घेते."

तो म्हणाला, "फोनवर नोको. घरी या ना. माय विचारून राहिली, दर बाजाराले कोण्या पोरीकडे जातेस म्हणून. आता तेंदूपानं मोजून घ्याची फळी लागली हाय, थे पाहून होईल… आन् नावंही."

मी मावशीला सांगितलं, कामासाठी जाते. मावशी म्हणाली, "हो वो बाई, कामच हाय थे."

चिचगडच्या गाडीत शिरले तेव्हा सकाळचे आठ वाजले असतील. मे महिना, पण जंगलाच्या बाजूला हवा अजून गार. घर विचारत गेले. अंगणात मांडवाच्या सावलीत तेंदूच्या पानांचा हिरवा ढीग, भोवती हिरवट, तुरट वास. कुणी दिसेना. मी फाटकाशी उभी राहिले, पदर नीट केला — ओढणी होती खरं तर, पण त्या दिवशी पदरासारखीच नीट केली — आणि हाक मारली.

"पुनाराम…"

आतून काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ आले. ऐंशीच्या पुढचे. डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे बघितलं.

"काय वो पोरी, काय काम हाय?"

"पुनाराम पंधरे पाहिजेत, आजोबा."

"मीच पुनाराम. बोल."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मागून हसू दाबल्याचा आवाज आला. तो विहिरीवरून पाणी घेऊन येत होता, आणि त्याच्या हातातली बादली हसण्यानं हिंदकळत होती.

"आमच्या घरी थोरल्या नातवाले आजाचं नाव देतात," तो म्हणाला. "मले घरी बाबू म्हणतात. पुनाराम म्हटलं का आजाच येते."

"आणि तुमच्या बाबांना? मनिरामना?"

"त्याहीले त्याहीच्या आजाचं. आजाचे बाबाही मनिरामच."

मनिराम, पुनाराम, मनिराम, पुनाराम. मी तिथंच, उन्हात, फाटकाला धरून उभी राहिले आणि सगळं दिसलं. साहेब, तुमचं यंत्र पुनारामचा बाप शोधतं, मिळतो मनिराम पंधरे, चिचगड. मनिरामचा बाप शोधतं, मिळतो पुनाराम पंधरे, चिचगड. त्याचा बाप? मनिराम. त्याचा? पुनाराम. चार माणसं आहेत, तुम्हाला दोनच दिसतात. मूळ पुरुष सापडणार कुठून? तुमच्या हिशेबात हा मुलगा स्वतःचाच आजा आहे, आणि स्वतःचा नातूसुद्धा.

मी हसायला लागले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं की कशाचं ते कळलं नाही. त्यानं बादली खाली ठेवली. "काय झालं?"

"तुमची चकरी सापडली," मी म्हणाले.

दुपारी त्याच्या आईनं, धनवंताबाईंनी, मला शेजारी बसवून पुडा बांधायला शिकवलं. सत्तर पानं मोजायची, देठ एका बाजूला करायचे, सालीची दोरी फिरवून गच्च आवळायची. माझा पहिला पुडा सुटला. दुसराही. तो समोर बसून भराभर बांधत होता. या दिवसांत पानं मोजून घेतात त्या फळीवर तो मुन्शी असतो, पण आधी घरचे पुडे बांधूनच जायचा.

"त्या दिवशी विचारलं होतं ना, होईल हे कशावरून," मी म्हणाले. "ऐका. ह्या ढिगाचं काम संपेल का?"

"संपेल."

"कशावरून?"

"एक पुडा बांधला का ढिगातली सत्तर पानं कमी होतात. कमी होऊन होऊन किती होतील? कधीतरी ढीग सरतेच."

"हेच. सिद्ध करायचं म्हणजे एवढंच. प्रत्येक फेरीला काहीतरी घटलं पाहिजे, आणि ते कायम घटत राहू शकत नाही असं पाहिजे. मग शेवट नक्की. किती वेळ लागेल ते नाही सांगता येत. पण शेवट नक्की."

त्यानं विचार केला. मग हातातला बांधलेला पुडा उचलला, दोरी सोडली आणि पानं परत ढिगात टाकली. माझ्याकडे बघितलं. "आन् कोणी असं करत असंन तर?"

"मग नाही संपत."

"बाबू," धनवंताबाई म्हणाल्या, "पोरीले दाखवाच्या नादात पानं फाडू नोको."

तो मान खाली घालून पुन्हा बांधायला लागला. त्या सत्तर पानांत एक पान माझ्या बोटांना लागून त्याच्या बोटांकडे गेलं. एवढंच. पण मी मोजणं विसरले.

संध्याकाळच्या गाडीपर्यंत तो सोडायला आला. पानांनी हात काळे झालेले दोघांचे. थांब्यावर कुणी नव्हतं.

"रुची," तो म्हणाला. मॅडम नाही म्हणाला. "मले तुमाले एक गोष्ट विचाराची हाय."

"विचारा ना."

"आता नाई. कागद आला का मंग."

"कागदाचा काय संबंध?"

तो रस्त्याकडे बघत होता. "तुमच्या घरी आलो, तुमच्या बाबांनी विचारलं, कोण हाय गा तू? तर काय सांगू? सरकारच म्हणते, अजून पाहून राहिलो."

गाडी आली. मी खिडकीत बसले. मला तेव्हा वाटलं, ठीक आहे. चूक तर सापडली आहे. महिनाभराचं काम.

*

मी भाबडी होते, साहेब.

ती तीन पानं मी आठ दिवस लिहिली. मराठीत लिहिली, कारण नियमावली मराठीत आहे. पहिल्या पानावर दाखवलं, की तुमच्या नियमांनी ह्या घराचं उत्तर कधीच येणार नाही. दुसऱ्या पानावर दुरुस्ती, एका ओळीची. नावाबरोबर जन्माचं वर्ष धरा. पुनाराम नव्याण्णवचा, त्याचा बाप सत्तरचा, आजा चव्वेचाळीसचा, पणजा पंधराचा. शाळेच्या रजिस्टरात आणि जुन्या कोतवाल पंजीत, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत, ही वर्षं आहेत, त्यांच्या प्रती जोडल्या. तिसऱ्या पानावर सिद्धता. बाप मुलाच्या आधी जन्मतो. म्हणून वर जाताना प्रत्येक पायरीला वर्ष घटतं. वर्ष म्हणजे पूर्ण आकडा, तो शून्याच्या खाली जात नाही. म्हणून पायऱ्या संपतात. म्हणून मूळ पुरुष सापडतो. म्हणून उत्तर येतं. कुणाच्याही घराचं, कुठल्याही नावाचं.

खाली एक वाक्य मुद्दाम लिहिलं. 'उत्तर येतं याचा अर्थ ते होकार असेल असा नाही. नकारही असेल. पण उत्तर असेल.'

तुमच्याकडून पोच आली. 'आपले निवेदन पुढील कार्यवाहीस्तव पाठविण्यात आले आहे.' मी विचारलं, कुणाकडे? तांत्रिक कक्षाकडे. तांत्रिक कक्ष म्हणाला, नियमांचा विषय आहे, नियम कक्षाकडे जा. नियम कक्ष म्हणाला, यंत्राचा विषय आहे, तांत्रिक कक्षाकडे जा. माझ्या त्या दोन नियमांसारखी तुमची तोंडं एकमेकांकडे. फरक एवढाच, की माझ्या नियमांची वायर कुणाच्यातरी पायात अडकली.

दिवाळीनंतर एकदा मदतीच्या नंबरवर माणूस लागला. आवाज चांगला होता, थकलेला.

"मॅडम, सिस्टीम चल रहा है ना. थोडं थांबा."

"किती थांबू?"

"होईपर्यंत."

"होईल हे कशावरून?"

"आजपर्यंत सगळ्यांचं झालंच आहे, मॅडम."

"ज्यांचं झालं त्यांनी तुम्हाला परत फोन केला नाही. ज्यांचं झालं नाही ते अजून थांबलेत. नुसतं थांबून कसं कळणार?"

तो म्हणाला, "बात तो सही है." आणि फोन बंद झाला. तुमच्या अख्ख्या कार्यालयात मला भेटलेला तो एकच शहाणा माणूस. त्याला त्रास देऊ नका.

आणि पुनाराम? दर बाजाराला येत होता. चपला बाहेर. 'झालं काय?' 'नाही.' 'बरं.' आता तो 'तू' म्हणायचा, मीही. हसायचो, भांडायचो. थंडीत एकदा तो स्वतःचा मफलर माझ्या खुर्चीवर विसरला आणि पुढच्या आठवड्यात मागितला नाही. पण ती गोष्ट… ती त्यानं विचारली नाही. मी वाट बघत होते. चकरीची नाही. त्याची.

*

मार्चच्या शेवटी धनवंताबाईंनी मोहफुलं वेचायला बोलावलं. पहाट संपून उजाडत होतं. झाडाखालची जमीन आदल्या दिवशी साफ केलेली आणि त्यावर पिवळट पांढरी फुलं, टपटप पडतच होती. वास इतका गोड, की डोकं जड व्हावं. त्याची आई दोन झाडं पलीकडे टोपली घेऊन वाकलेली. तो माझ्या समोर.

"काल पाह्यलं काय?" त्यानं विचारलं.

"पाहिलं."

"झालं काय?"

मी टोपली खाली ठेवली.

"पुनाराम, तुला एक सांगू? तूही त्यांच्यासारखाच आहेस."

"कोणासारखा?"

"त्या कार्यालयासारखा. तुझं उत्तर तू त्यांच्या उत्तरावर टांगून ठेवलंस. त्यांचं संपत नाही, हे तुला माहीत आहे. मी सिद्ध करून दाखवलं, तुझ्याच अंगणात. म्हणजे तुझंही संपणार नाही. दर बाजाराला येतोस, विचारतोस, बरं म्हणतोस, जातोस. काय घटलं सांग चौदा महिन्यांत? बांधलेला पुडा सोडून परत ढिगात टाकतोस तू."

एक फूल त्याच्या खांद्यावर पडलं, त्यानं झटकलं नाही.

"काऊन चिडून राहिली?" तो हळू म्हणाला.

"चिडून नाही राहिली. मला थकायला झालंय." मी हातातली फुलं टोपलीत टाकली. "हो पाहिजे असं म्हणत नाही मी. नाही असेल तर नाही म्हण. मी टोपली भरून देईन, चहा पिईन आणि गाडीनं जाईन. पण थांब म्हणू नको. थांब हे उत्तर नाही."

"आन् तुझ्या बाबांनी विचारलं, कोण हाय म्हणून?"

"तू सांग ना. कोण आहेस?"

"मी…" तो थांबला. झाडाकडे बघितलं, आईच्या पाठीकडे बघितलं, आपल्या हातांकडे. मग एकदम साधेपणानं, बाजारात भाजीचं नाव सांगावं तसं, म्हणाला, "मी पुनाराम. मनिरामचा पोरगा. पुनारामचा नातू. हे खरं हाय."

"हो."

"मले तू पाहिजे. पहिल्या दिवशीपासून, वायरीपासून. हे बी खरं हाय." आता त्याचे कान लाल नव्हते, माझे झाले होते. "कसं होईल थे मले माईत नाई. तुझ्या घरचे काय म्हणतीन, नोकरी भेटन का नाई… काहीच माईत नाई. पण तू म्हणाली होती ना, नुसतं खरं सांगायचं. कसं थे नंतर शोधते."

"यंत्र शोधतं," मी म्हणाले.

"आपण शोधू. आपण यंत्रापेक्षा बरे हो."

मी खाली वाकले आणि फुलं वेचायला लागले, आणि त्याच्या खांद्यावरचं ते फूल तेवढं वेचून माझ्या टोपलीत टाकलं.

"तुझं उत्तर?" त्यानं विचारलं. "मलेच थांब म्हणून राहिली काय आता?"

"हो," मी म्हणाले. "म्हणजे थांब नाही. हो."

दोन झाडं पलीकडून धनवंताबाई म्हणाल्या, "झालं असंन तर वेचा आता. ऊन चढून राहिलं."

*

घरी सांगितलं तेव्हा बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पोरगी पवार जातीची आणि पोरगा आदिवासी पंधरे, असं आईला म्हणाले, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. तिसऱ्या दिवशी जेवताना विचारलं, "पोरगा धानाच्या रोवणीले उभा राहते काय, का नुसता कागदच धरून बसते?" मी म्हणाले, चार एकर स्वतः रोवतो. बाबांनी भात कालवला. "बोलाव," म्हणाले. "आजालाही बोलाव." दोन पुनाराम आमच्या ओसरीवर शेजारी शेजारी बसले तेव्हा बाबांनी एक हाक मारून दोघांना वळलेलं पाहिलं आणि त्या दिवसांत पहिल्यांदा हसले.

लग्न वैशाखात आहे.

तर साहेब, आमचं उत्तर आलं. तुमच्या चकरीला वळसा घालून आलं. पण म्हणून तुम्ही सुटला नाहीत. नेमणूक अजून अडकलेली आहे. आणि त्या गावात ज्या ज्या घरात थोरल्या नातवाला आजाचं नाव आहे, त्या प्रत्येक घरासमोर तुमची चकरी फिरत असणार. ती माणसं दर बाजाराला कुणाच्यातरी दुकानात येऊन 'झालं काय?' विचारत असतील आणि 'बरं' म्हणून जात असतील. त्यांना सगळ्यांना बस स्टँडच्या मागे कुणी रुची भेटणार नाही.

ती तीन पानं ह्या पत्राला पुन्हा जोडली आहेत. दुरुस्ती एका ओळीची आहे. आणि घाई कशाची, तेही सांगून ठेवते. पुढे आमच्या मुलाचं नाव मनिराम असणार. आजानं आत्ताच सांगून ठेवलंय. आणि त्याच्या मुलाचं पुनाराम. नाव आम्ही बदलणार नाही. तुमची ती एक ओळ तोवर बदलेल का, हो की नाही?

'कार्यवाही सुरू आहे' असं लिहू नका. उत्तर द्या.